फ्यूज्ड सिलिकावरचं तयार ग्राफीन: तापलेले इलेक्ट्रॉन थंड होताना पाहायला कितपत चालतं?

तांब्याच्या फॉइलवर वाढवलेलं, तिथून उचलून फ्यूज्ड सिलिकाच्या तुकड्यावर बसवलेलं एकथरी ग्राफीन (कार्बनचा एक अणू जाडीचा पत्रा) आता तयार विकत मिळतं. १० मिलिमीटर बाय १० मिलिमीटर, अर्धा मिलिमीटर जाड काच हा त्यातला नेहमीचा आकार. डबीत चिप, सोबत एक रामन आलेख (विखुरलेल्या लेझर-प्रकाशावरून थराची ओळख पटवणारा), एक सूक्ष्मदर्शकातला फोटो आणि ‘आच्छादन ९५ टक्क्यांहून अधिक’ अशी ओळ. हे परीक्षण एकाच कामापुरतं आहे. लेझरच्या पल्सने तापलेले इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉन निघून गेलेल्या रिकाम्या जागा) आपली ऊर्जा कुठे टाकतात, किती वेळात टाकतात, हे पंप-प्रोबने, म्हणजे एका पल्सने तापवून थोड्या उशिराने दुसरीने तपासून, मोजायला ही चिप घ्यावी का? ट्रान्झिस्टर आणि सेन्सरवाल्यांचे निकष वेगळे, त्यांनी यावर विसंबू नये.

उत्तर आधीच सांगून टाकू: घ्यावी. पाचपैकी साडेतीन. कापलेला दीड गुण ग्राफीनसाठी नाही, कागदावर जे लिहिलेलं नसतं त्यासाठी आहे. मोजमापातला पहिला अर्धा पिकोसेकंद बहुतांशी ग्राफीनचा असतो. पुढच्या शेपटीत खालची काच, मध्ये अडकलेलं पाणी, वर चिकटलेलं पॉलिमर आणि जाळीतले दोष, सगळे हात घालतात. विक्रेता एक थर विकतो, तुम्ही मोजता ती अख्खी चळत.

आधी हे समजून घेऊ की मोजायचं नेमकं काय आहे. ८०० नॅनोमीटरचा फोटॉन १.५५ इलेक्ट्रॉनव्होल्टचा. ग्राफीनचे ऊर्जापट्टे डिरॅक बिंदूच्या (पट्टे एकमेकांना टेकतात त्या ऊर्जेच्या) वर-खाली सारख्याच उताराचे शंकू, त्यामुळे वाटणी निम्मी-निम्मी: इलेक्ट्रॉन बिंदूच्या ०.७७५ इलेक्ट्रॉनव्होल्ट वर, होल तेवढाच खाली. हे ताजे वाहक आपसात इतक्या जोरात धडकतात की काही दहा फेम्टोसेकंदांत सगळ्यांचं मिळून एक तापमान ठरतं. ते हजारो केल्विनवर असू शकतं आणि त्याच क्षणी कार्बनची जाळी खोलीच्या तापमानालाच बसलेली असते. इथपर्यंत ऊर्जा गेलेली नाही, फक्त वाटली गेली आहे. नवखे लोक हा पहिला उतारच ‘थंड होणं’ म्हणून नोंदवतात, ती पहिली चूक.

खरी गळती सुरू होते ऑप्टिकल फोनॉनांपासून, म्हणजे जाळीच्या जास्त ऊर्जेच्या कंपनांपासून. ब्रिलुआं क्षेत्राच्या (संवेगांच्या नकाशाच्या) मध्यावरचा सुमारे १९६ मिलीइलेक्ट्रॉनव्होल्टचा आणि त्याच्या कोपऱ्यातल्या के बिंदूजवळचा सुमारे १६० चा, असे दोन मुख्य गिऱ्हाईक. एका झटक्यात एवढी मोठी रक्कम उचलणारे, म्हणून बरीचशी ऊर्जा काही शे फेम्टोसेकंदांत यांच्याकडे जाते. मात्र हे फोनॉन संख्येने मोजके. ते स्वतःच तापतात आणि घेतलेली ऊर्जा इलेक्ट्रॉनांना परत करू लागतात. त्यांचं आयुष्य १ ते २ पिकोसेकंद. तेवढ्यात ते कमी ऊर्जेच्या अकौस्टिक फोनॉनांत मोडतात आणि मगच रस्ता मोकळा होतो. दुहेरी उतार दिसतो तो या कोंडीमुळे.

त्यानंतरचा टप्पा सगळ्यात वादाचा. अकौस्टिक फोनॉनला इलेक्ट्रॉनकडून फार थोडं घेता येतं, कारण संवेगाचा हिशेब जुळावा लागतो. दर चौरस सेंटिमीटरला १ लाख कोटी वाहक असतील तर एका फोनॉनला जास्तीत जास्त साडेचार मिलीइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास उचलता येतं. म्हणजे एका ऑप्टिकल फोनॉनचं काम करायला असे चाळीसएक लागतात. याच हिशेबावरून बिस्ट्रिट्झर आणि मॅकडोनाल्ड यांनी २००९ मध्ये स्वच्छ ग्राफीनसाठी थंड होण्याचे काळ नॅनोसेकंदांच्या घरात काढले. २०१२ मध्ये सॉन्ग, रायझर आणि लेव्हिटोव यांनी वाट दाखवली: जाळीतला दोष संवेगाचा फरक आपल्या अंगावर घेत असेल तर फोनॉन त्या तापमानाच्या उष्मीय ऊर्जेइतकी रक्कम उचलू शकतो. याला सुपरकोलिजन म्हणतात. ऊर्जा सोडण्याचा दर इलेक्ट्रॉन-तापमानाच्या घनातून जाळीच्या तापमानाचा घन वजा केल्यावर जे उरतं त्याच्या प्रमाणात असतो. २०१३ मध्ये एका गटाने फोटोकरंटवरून आणि दुसऱ्याने विद्युत नॉइजवरून हे प्रत्यक्ष दाखवलं. पुढे २०२१ मध्ये उत्तम दर्जाच्या ग्राफीनवर असंही दिसलं की दोष नसतानाही खोलीच्या तापमानाला सगळं काही पिकोसेकंदांत आटोपतं: वरचे इलेक्ट्रॉन फोनॉनांनी काढून घेतले की उरलेले पुन्हा आपसात वाटणी करतात, त्यातून नवे ‘वरचे’ तयार होतात आणि ऑप्टिकल फोनॉनांचा धंदा चालूच राहतो.

ग्राहकाच्या दृष्टीने याचा अर्थ काय? शेपटीचा आकडा लहान आला म्हणजे ग्राफीन चांगलं, असं अजिबात नाही. दोष वाढले की थंड होणं वेगवान होऊ शकतं. रद्दी चिप ‘छान’ आकडा देऊ शकते. सॅच्युरेबल ॲब्सॉर्बर (तीव्र प्रकाशात कमी शोषणारा घटक) बनवणाऱ्याला ते आवडेल, गरम इलेक्ट्रॉनांच्या जोरावर व्होल्टेज काढणारा डिटेक्टर बनवणाऱ्याला तेच नको असेल.

आता चिप हातात घेऊ.

एकथरी ग्राफीन पडलेल्या प्रकाशाचा २.३ टक्के भाग शोषतं, हे सगळ्यांना पाठ असतं. ते हवेत टांगलेल्या थरासाठी आहे. १.४५ अपवर्तनांकाच्या काचेवर बसवून हवेच्या बाजूने प्रकाश टाकला की शोषण सुमारे १.५ टक्क्यांवर येतं, कारण पृष्ठभागावरचं विद्युत क्षेत्रच कमी होतं. काचेच्या बाजूने टाकलं तर २.२ टक्क्यांच्या जवळ. जवळजवळ दीडपट फरक, आणि तो फक्त चिप कोणत्या बाजूने धरली त्यावर. २.३ चा आकडा तसाच घातलेले हिशेब सर्रास दिसतात आणि मग इलेक्ट्रॉनांचं तापमान मॉडेलशी जुळत नाही म्हणून डोकं खाजवलं जातं.

एक उदाहरण. ५० मायक्रोज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर फ्लूअन्स (एका पल्सची दर क्षेत्रफळामागची ऊर्जा), हवेच्या बाजूने. शोषलं जातं ०.७६ मायक्रोज्यूल, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे ३ लाख कोटी फोटॉन. डोपिंग (थरात आधीपासून असलेले जादा वाहक) नगण्य आणि फोनॉनांकडे काहीच गेलं नाही असं धरलं तर इलेक्ट्रॉन २४०० केल्विनपर्यंत पोचतात. ही वरची मर्यादा. पल्स संपायच्या आतच गळती सुरू झालेली असते, प्रत्यक्षात आकडा खालीच राहतो. डोपिंग नसलेल्या थरात ऊर्जा तापमानाच्या घनाप्रमाणे वाढते, म्हणून फ्लूअन्समध्ये दुपटीची चूक झाली तरी तापमान २६ टक्क्यांनीच चुकतं. आणि दुपटीची चूक हमखास होते: ८० मेगाहर्ट्झचा लेझर, १० मिलिवॉट, १० मायक्रोमीटर त्रिज्येचा गॉसियन झोत. मध्यावरचा फ्लूअन्स ८० मायक्रोज्यूल, क्षेत्रफळाने नुसता भागाकार केला तर ४०. प्रोबचा ठिपका पंपाच्या निम्म्याहून लहान ठेवला तर मध्यावरचा आकडा वापरणं रास्त ठरतं. दोन्ही ठिपके सारख्याच आकाराचे असतील तर प्रोब गरम मधला भाग आणि कोमट कडा एकत्रच वाचतो, आणि वेगवेगळ्या तापमानांच्या उतारांची ती खिचडी कुठल्याच मॉडेलला बसत नाही.

सिग्नल किती मोठा असेल? काचेवरचा ग्राफीनचा थर पारगमन सुमारे १.९ टक्क्यांनी कमी करतो. शोषण पूर्ण बंद पडलं तरी बदल याच्या पलीकडे जाऊ शकत नाही. साध्या मापनात मिळतो तो दहा हजारात एक ते हजारात एक भाग. म्हणजे चॉपर, लॉक-इन ॲम्प्लिफायर आणि शांत लेझर हवाच. या बाबतीत फ्यूज्ड सिलिकाला पूर्ण गुण. ऑक्साइड चढवलेल्या सिलिकॉनवरची चिप घेतली तर ८०० नॅनोमीटरचा पंप सिलिकॉनमध्येही वाहक निर्माण करतो. ते पिकोसेकंदांच्या मानाने अमर असतात, आणि ग्राफीनचा इवलासा सिग्नल त्या पठारावर बसतो. वाहकता मोजणाऱ्या टेराहर्ट्झ प्रोबला तर ते पठार सगळंच गिळतं. सिलिकॉनचा मोठा फायदा म्हणजे मागून गेट लावून डोपिंग फिरवता येतं.

अर्धा मिलिमीटर जाडीचा एक सापळा मात्र आहे आणि तो कुठल्याच माहितीपत्रकात नसतो. पंपाचा ३.४ टक्के भाग काचेच्या मागच्या पृष्ठभागावरून उलटतो आणि ४.९ पिकोसेकंदांनी ग्राफीनवर परत येतो. पंप सरळ, लंब दिशेने पडत असेल तर आलेखात बरोबर त्या जागी एक छोटा उंचवटा दिसतो. बघणाऱ्याला वाटतं काहीतरी नवं भौतिकशास्त्र सापडलं. पंप ५ अंशांनी तिरका केला की परतलेला झोत ६० मायक्रोमीटर बाजूला पडतो आणि १० मायक्रोमीटरचा ठिपका असेल तर उंचवटा गायब होतो. गायब झाला नाही तर खुशाल नव्या भौतिकशास्त्राचा विचार करावा. डिले स्टेजवर (दोन पल्समधला वेळ बदलणाऱ्या सरकत्या आरशावर) १ पिकोसेकंद म्हणजे ०.१५ मिलिमीटर हेही तपासून घ्यावं. जाण्यायेण्याचा दुप्पट मार्ग विसरून काळाचा अक्ष निम्म्यावर आणलेले आलेख आजही दिसतात.

पल्सच्या लांबीबद्दल थोडंच. ५० फेम्टोसेकंदांची पल्स सूक्ष्मदर्शकाच्या ऑब्जेक्टिव्हमधून गेली आणि वाटेत १५०० चौरस फेम्टोसेकंद डिस्पर्शन लागलं की ती ९७ वर जाते. प्रिझमची किंवा चर्प्ड आरशांची जोडी लावून हे आधी भरून काढावं आणि पल्स नमुन्याच्या जागी मोजावी, लेझरच्या तोंडाशी नाही. पंप आणि प्रोब एकमेकांना काटकोनात ध्रुवित ठेवले तर सुरकुत्यांवरून विखुरलेला पंप ॲनालायझरने अडवता येतो. फक्त एक ध्यानात ठेवावं: पहिल्या शंभर-दीडशे फेम्टोसेकंदांत वाहकांचं संवेग-वाटप पंपाच्या ध्रुवणानुसार एकांगी असतं. त्यामुळे काटकोनात आणि समांतर मोजलेली सुरुवातीची उंची सारखी येणार नाही. हा चिपचा दोष नव्हे.

सगळ्यात मोठी फसगत होते ती ‘उताराचा काळ म्हणजे थंड होण्याचा काळ’ या समजुतीतून. ८०० नॅनोमीटरचा प्रोब ०.७७५ इलेक्ट्रॉनव्होल्टवरच्या जागा किती भरल्या आहेत एवढंच सांगतो. २००० केल्विनला त्या जागा १.१ टक्के भरलेल्या असतात, १००० केल्विनला ०.०१२ टक्के. तापमान निम्मं झालं आणि सिग्नल नव्वदाव्या हिश्श्यावर आला! आलेखात उतार जोरदार दिसतो, इलेक्ट्रॉन अजून हजार केल्विनवर आहेत. प्रोब ०.३ इलेक्ट्रॉनव्होल्टचा, म्हणजे सुमारे ४.१ मायक्रोमीटर तरंगलांबीचा घेतला तर ०.१५ वरच्या जागा त्याच दोन तापमानांना अनुक्रमे २९.५ आणि १४.९ टक्के भरलेल्या असतात. हा प्रोब तापमानाच्या मागोमाग चालतो. फक्त ८०० नॅनोमीटरचंच साधन असेल तर उताराला दोन घातांकी वक्र बसवून काळ छापू नयेत. इलेक्ट्रॉन आणि ऑप्टिकल फोनॉन अशी दोन तापमानं धरून समीकरणं सोडवावीत, त्यातून सिग्नल काढावा आणि तो मोजमापाशी ताडावा. दोन घातांक दिसायला नेटके असतात, एवढाच त्यांचा गुण. आणि फ्लूअन्स बदलला की ते दोन्ही काळ बदलतात, हेच त्यांच्या विरुद्ध पुरेसं आहे.

कागदपत्रांचं परीक्षण. सोबतचा रामन आलेख कित्येकदा त्याच खेपेतल्या, पण सिलिकॉनवर बसवलेल्या तुकड्याचा असतो. तुमच्या चिपचा नकाशा स्वतः घ्यावा: ५३२ नॅनोमीटर, १ मिलिवॉटच्या आत, निदान ३० बाय ३० मायक्रोमीटर. पारदर्शक काचेवर ऑक्साइडच्या व्यतिकरणाची मदत नसते, सिग्नल दुबळा येतो, वेळ जास्त द्यावा. डी (दोषांमुळे येणारं) आणि जी (जाळीच्या मूळ कंपनाचं) या शिखरांचं गुणोत्तर ०.१ च्या आत हवं. टूडी शिखर एकाच लोरेंट्झियनने बसावं, रुंदी ३० ते ३५ सेमी⁻¹ च्या आसपास. सुरकुत्यांवर आणि दुथरी बेटांवर ती जास्त येईल. अशा जागा नकाशावर खुणा करून टाळाव्यात.

डोपिंग मोजायला जी शिखराची रुंदी कामाला येते. फर्मी पातळी (इलेक्ट्रॉन जिथवर भरलेले असतात ती ऊर्जा) डिरॅक बिंदूपासून ९८ मिलीइलेक्ट्रॉनव्होल्टच्या पुढे सरकली की जी फोनॉनला इलेक्ट्रॉन-होल जोडीत मोडायला जागा उरत नाही आणि शिखर १४-१५ सेमी⁻¹ वरून ६ ते ८ पर्यंत अरुंद होतं. उघड्यावर ठेवलेल्या या चिपा जवळपास नेहमीच होल-डोप्ड असतात, काही लाख कोटी ते १० लाख कोटी वाहक प्रति चौरस सेंटिमीटर. म्हणजे अरुंद शिखरच दिसणार. कारणं ठरलेली: हवेतला ऑक्सिजन आणि पाणी, थराखाली अडकलेला ओलावा, तांबं विरघळवणाऱ्या रसायनाचा अंश. तापमानाचा हिशेब यावर अवलंबून आहे, कारण डोपिंग वाढलं की इलेक्ट्रॉनांची उष्णता-धारकता वाढते आणि तोच फ्लूअन्स कमी तापवतो. विक्रेत्याच्या कागदावर हा आकडा जवळपास कधीच नसतो. अर्धा गुण इथेच गेला.

टेराहर्ट्झ प्रोब लावणाऱ्यांना डोपिंगचा धक्का जास्त बसतो. डोप्ड ग्राफीन तापलं की त्याची वाहकता घटते, तटस्थाच्या जवळचं तापलं की वाढते. एकाच चिपचं चिन्ह हवेत आणि निर्वातात वेगळं येऊ शकतं. मोजमाप उलटं आलं म्हणून तारा उलट्या करण्याआधी हे तपासावं.

वरचं पॉलिमर हा दुसरा त्रास. स्थानांतरासाठी लावलेलं पीएमएमए ॲसिटोनने पूर्ण निघत नाही, काही नॅनोमीटरांचा पापुद्रा राहतोच. निर्वातात २५० ते ३०० अंश सेल्सिअसला काही तास तापवलं की बरंच स्वच्छ होतं, पण थर काचेला जास्त घट्ट चिकटतो आणि चिप पुन्हा हवेत आली की होल-डोपिंग आधीपेक्षा वाढतं. तापवायचं तर मापनाच्या निर्वात कक्षातच तापवावं, नाहीतर सोडून द्यावं. अल्ट्रासॉनिकमध्ये घालू नये, थर फाटून तरंगतो. फ्लूअन्स काही शे मायक्रोज्यूलच्या पुढे नेला तर मध्ये मध्ये त्याच जागेचं डी शिखर बघत राहावं; नुकसान एका फटक्यात होत नाही, हळूहळू साचतं, आणि दोष साचले की शेपटीही बदलते. सकाळचा आणि संध्याकाळचा आलेख जुळत नसेल तर आधी इथे बघावं.

खालच्या काचेचाही वाटा आहे. सिलिकाच्या पृष्ठभागाचे ध्रुवीय फोनॉन साधारण ६० आणि १५० मिलीइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास असतात आणि जवळून जाणाऱ्या गरम इलेक्ट्रॉनकडून थेट ऊर्जा घेतात. ‘मग स्वच्छ सबस्ट्रेट घेऊ’ म्हणून हेक्सागोनल बोरॉन नायट्राइडमध्ये गुंडाळलेलं ग्राफीन घेतलं तर तिथे हा रस्ता आणखी रुंद होतो. त्या पदार्थातले हायपरबोलिक फोनॉन-पोलॅरिटॉन उष्णता थराबाहेर वाहून नेतात आणि काही पिकोसेकंदांत काम संपवतात, हे २०१८ मध्ये दिसलं. शिवाय असे नमुने काही दहा मायक्रोमीटरचे, शोधून ठिपका बसवण्यातच दिवस जातो. गतिशीलता हवी असेल तर ते घ्यावेत, ‘थंड होण्याचा अंगभूत वेग’ मोजायला ते आपोआप चांगले ठरत नाहीत.

सिलिकॉन कार्बाइडवर वाढवलेलं ग्राफीन हा खरा प्रतिस्पर्धी. पॉलिमर नाही, स्थानांतर नाही, सेंटिमीटरभर एकसारखं. काळानुसार फोटोउत्सर्जन मोजून इलेक्ट्रॉनांचं वाटप थेट पाहण्याचे २०१३ मधले प्रयोग याच घराण्यातल्या नमुन्यांवर झाले. सिलिकॉनच्या बाजूवर वाढवलेला नुसता एक थर इलेक्ट्रॉन-डोप्ड असतो, १० लाख कोटींच्या आसपास, फर्मी पातळी ०.३७ इलेक्ट्रॉनव्होल्ट. याहून दुपटीपेक्षा कमी ऊर्जेचा पंप, म्हणजे ०.७४ च्या खालचा, पट्ट्यांमधली उडी घडवूच शकत नाही. ८०० नॅनोमीटरवाल्यांना अडचण नाही, १५५० नॅनोमीटरवाले (०.८ इलेक्ट्रॉनव्होल्ट) अगदी उंबरठ्यावर येतात.

मागणी नोंदवताना तीन गोष्टी लिहून मागाव्यात. त्याच खेपेतली ग्राफीन नसलेली काच, म्हणजे काचेचा स्वतःचा सिग्नल वजा करता येईल. तांबं कशात विरघळवलं ते. आणि ग्राफीन कोणत्या बाजूला आहे त्याची खूण. शेवटची मागणी हास्यास्पद वाटते, पण पारदर्शक काचेवरचा एक अणू जाडीचा थर डोळ्याला कुठल्याच बाजूने दिसत नाही. डबीतून काढताना चिप एकदा उलटली की शोषण १.५ टक्के धरायचं की २.२, याचं उत्तर रामनखाली दोन्ही बाजू फोकस करून बघितल्याशिवाय मिळत नाही. एक कोपरा तिरका कापून द्या म्हटलं की बहुतेक जण देतात. नाही दिला तर पहिल्या रामन नकाशानंतर लगेच कडेला हिऱ्याच्या लेखणीने खूण करावी, ग्राफीनच्या विरुद्ध बाजूला, आणि ती बाजू वहीत लिहून ठेवावी.